खाली ठेवता येणारं पुस्तक

‘एकदा हातात घेतलं ते संपेपर्यंत खाली ठेववलं नाही’ ही मराठी वाचकाने पुस्तकाला दिलेली सगळ्यात मोठी शाबासकी. मलपृष्ठावर छापायला प्रकाशकांनाही ती फार आवडते. सकाळच्या वाचनाला मात्र असलं पुस्तक कुचकामी. साडेसहाला उघडलेलं पुस्तक सातला मिटावंच लागतं. नळाचं पाणी जाणार असतं, डबा भरायचा असतो, लोकल कुणासाठी थांबत नाही. तेव्हा सकाळचं पुस्तक विनातक्रार खाली ठेवता आलं पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी आपसूक हात पुन्हा त्याच्याकडे गेला पाहिजे. एकच अट पुरी करणारी पुस्तकं ढिगाने मिळतात. दोन्ही पुऱ्या करणारी शोधावी लागतात.

‘सकाळी वाचायला काहीतरी हलकंफुलकं द्या,’ असं दुकानात म्हटलं, की बहुधा विनोदी चुटक्यांचा संग्रह किंवा यशाची सूत्रं सांगणारं पुस्तक पुढे येतं. दोन्हींत हलकेपणा विषयावरून ठरवलेला असतो. माझं म्हणणं असं, की सकाळचं पुस्तक विषयावरून निवडू नये, वाक्यावरून निवडावं. गंभीर विषय सोप्या, सुडौल वाक्यांत आला तर सकाळी सहज पचतो. विषय कितीही गमतीचा असला आणि वाक्य अवजड असलं, तर दुसऱ्या पानावरच जांभई येते. याची कारणं काही आपल्या मेंदूत आहेत, काही मराठी वाक्याच्या घडणीत.

पोथीचं माप

मराठी घराला सकाळच्या वाचनाची सवय पोथीने लावली. आंघोळ, पूजा झाली की पाटावर बसून ठरलेला भाग वाचायचा आणि पोथी पुन्हा रुमालात बांधायची. त्यात भक्ती होतीच. पण निव्वळ वाचनाची रीत म्हणूनही त्याकडे पाहायला हवं. दासबोधाचे दशक वीस, प्रत्येक दशकात समास दहा. म्हणजे एकूण २०० समास. एक समास पाव तासात निवांत वाचून होतो आणि त्याचा विषय तिथेच पुरा होतो. उद्याचा समास उद्याचा विषय घेऊन येतो. दुसऱ्या दशकाच्या आरंभी मूर्खलक्षणांचा समास आहे. तो सकाळी वाचून कचेरीत गेलेल्या माणसाची दिवसभर करमणूक होते, फक्त यादी स्वतःपासून तपासायची तयारी हवी.

ज्ञानेश्वरीचं माप वेगळं. पहिला अध्याय पावणेतीनशे ओव्यांचा, अठरावा अठराशेहून अधिक. म्हणून नित्य वाचणारे अध्यायाच्या नादी न लागता रोजच्या ओव्या ठरवून घेतात. गुरुचरित्राच्या सप्ताहात कोणत्या दिवशी कुठवर जायचं, हे परंपरेनेच आखून दिलेलं असतं. माप ठरलेलं, वाचन मोठ्याने, आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून, असे तीन नियम यातून दिसतात. आजच्या सकाळच्या पुस्तकालाही ते जसेच्या तसे लागू पडतात.

पोथीची जागा पुढे वर्तमानपत्राने घेतली आणि वर्तमानपत्राची फोनने. वर्तमानपत्र निदान शेवटच्या पानावर संपायचं. फोनला शेवटचं पान नाही. दहा मिनिटांसाठी उघडलेला फोन चाळीस मिनिटांनी बाजूला पडतो आणि त्यातलं एकही वाक्य आठवत नाही. याबद्दल पुष्कळ बोलून झालं आहे. इथे एवढंच नोंदवायचं, की फोनशी टक्कर द्यायची तर पुस्तकही चटकन उघडणारं, चटकन पकडणारं हवं. जाडजूड वैचारिक ग्रंथ ही टक्कर पहिल्याच आठवड्यात हरतो.

जाग आल्यानंतरचा अर्धा तास

गजर बंद केला म्हणजे मेंदू जागा झाला, असं नसतं. उठल्यानंतरच्या या सुस्तीला झोपेचे अभ्यासक ‘स्लीप इनर्शिया’ म्हणतात. साधारण पंधरा ते तीस मिनिटं ती टिकते. झोप अपुरी झाली असेल किंवा गाढ झोपेत असताना गजर वाजला असेल तर आणखी लांबते. या काळात माणूस प्रतिसाद उशिरा देतो, आकडेमोडीत चुकतो आणि नुकतंच वाचलेलं डोक्यात धरून ठेवायला त्याला कष्ट पडतात. त्याच वेळी शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढत असतं. जागं झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते वरच्या टोकाला पोचतं आणि अंगात तरतरी येऊ लागते.

म्हणून पहिल्या चहाबरोबरचं वाचन आणि आंघोळीनंतरचं वाचन यांत फरक करावा. आंघोळीनंतर डोकं लख्ख असतं, तेव्हा अवघड पुस्तक जरूर घ्यावं. पहिल्या चहाला मात्र डोक्यावर ओझं न टाकणारं. रात्रपाळी करणाऱ्याची सकाळ दुपारी दोनला होते, त्यालाही हाच हिशोब लागू. सकाळ घड्याळावर कमी आणि जाग येण्यावर जास्त अवलंबून असते.

आता वाचताना डोळे काय करतात ते पाहू. डोळे ओळीवरून सरळ सरकतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते उड्या मारतात. एका जागी सुमारे पाव सेकंद थांबतात आणि पुढची उडी घेतात. इंग्रजी वाचकांवर झालेल्या प्रयोगांत असं दिसलं, की सराईत वाचकाच्याही शंभरातल्या दहा-पंधरा उड्या उलट्या, मागच्या शब्दांकडे असतात. वाक्य गुंतागुंतीचं झालं की या उलट्या उड्या वाढतात. शिवाय हातातल्या कामापुरतं लक्षात ठेवणारी जी तात्पुरती स्मृती असते, तिच्यात एका वेळी चारेक गोष्टीच नीट मावतात. झोपाळलेल्या डोक्यात त्याहून कमीच मावत असणार. ‘तीच ओळ तीनदा वाचली’ ही सकाळची नेहमीची तक्रार. तिचा दोष दर वेळी वाचकाचा नसतो, बरेचदा वाक्याचाच असतो.

क्रियापदाची वाट पाहताना

मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं. कोणी, कधी, कुठे, कुणाला, काय, हे सगळं आधी येतं आणि केलं काय ते सगळ्यात शेवटी. म्हणजे क्रियापद येईपर्यंत वाचकाला आधीचं सारं डोक्यात धरून ठेवावं लागतं. त्यात प्रत्येक नामाआधी विशेषणांची रांग लावली, की वाक्य जड झालंच म्हणून समजा. एक वाक्य बघा:

‘पूर्वी आमच्या शेजारी राहणाऱ्या आणि आता निवृत्त होऊन पुण्यात स्थायिक झालेल्या मास्तरांनी आपल्या धाकट्या मुलाच्या, काही घरगुती अडचणींमुळे दोनदा पुढे ढकलाव्या लागलेल्या लग्नाची पत्रिका आईच्या हातात दिली.’

व्याकरणात चूक नाही, शब्दही रोजचे आहेत. तरी ‘दिली’पर्यंत पोचताना दम लागतो. तीच गोष्ट अशी सांगता येईल:

‘मास्तर आले. पूर्वी आमच्या शेजारीच राहायचे, निवृत्त झाल्यावर पुण्याला गेले. धाकट्याचं लग्न होतं. दोनदा पुढे गेलं होतं. पत्रिका आईच्या हातात देत म्हणाले, “वहिनी, आता तारीख खोडणार नाही.”’

दुसऱ्या लेखनात माहिती जवळपास तेवढीच आहे. पण प्रत्येक क्रियापद वेळेवर येतं आणि वाचकाच्या डोक्यावरचं ओझं दर ओळीला उतरतं. ते उतरलं म्हणूनच मास्तरांच्या वाक्यातला संकोच ऐकू येतो, मागच्या दोन पत्रिकांवर खोडलेल्या तारखा दिसतात. हलकं लेखन म्हणजे कमी मजकूर, असं अनेकांना वाटतं. वरच्या उदाहरणात उलट झालं आहे. वाक्यं हलकी केली तेव्हा आणखी काही सांगायला जागा झाली.

जड वाक्याची दुसरी खूण म्हणजे क्रियापदाचं नाम करून टाकायची खोड. ‘ठरवलं’ याऐवजी ‘निर्णय घेण्यात आला’, ‘तपासलं’ याऐवजी ‘तपासणी करण्यात आली’. सरकारी परिपत्रकात ते शोभत असेल, कारण तिथे केलं कुणी हे सांगायचंच नसतं. पुस्तकात मात्र अशा वाक्यांतली माणसं नाहीशी होतात. पु. ल. देशपांड्यांचा सखाराम गटणे तोंडाने बोलतानाही छापील मराठी बोलतो म्हणून आपण हसतो. पण गटण्याच्या भाषेत अख्खी पुस्तकं लिहिणारे लेखक आपल्याकडे कमी नाहीत, आणि तिथे हसूही येत नाही.

विनोद, पण कुठला?

विनोदी पुस्तक सकाळी चालेलच, असंही नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून मराठी विनोदी लेखाचा पाया घातला. राम गणेश गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ या नावाने त्याच वाटेवर आणखी धमाल केली. पण दोघांचाही विनोद कोट्या, अतिशयोक्ती आणि शाब्दिक कसरतींवर उभा आहे. शंभर वर्षांपूर्वीचे संदर्भ जुळवत एकेक कोटी सोडवायला डोकं पुरतं जागं लागतं. रविवारी दुपारी ते लेख वाचावेत.

सकाळी चि. वि. जोशी जास्त जवळचे वाटतात. पाली भाषेचा हा व्यासंगी अभ्यासक बडोद्याच्या कॉलेजात शिकवायचा आणि लिहायचा ते चिमणरावाच्या फजितीबद्दल. ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ १९३३ मध्ये आलं. काऊ, मोरू, मैना आणि मावसभाऊ गुंड्याभाऊ, एवढ्या गोतावळ्यात सगळं घडतं. चिमणराव स्वतःच आपली कथा सांगतो, आणि आपण हास्यास्पद ठरतो आहोत याचा त्याला पत्ता नसतो. त्यामुळे लेखकाला ‘बघा, हे विनोदी आहे’ असं सुचवावं लागत नाही. वाक्यं सरळ आणि प्रसंग घरातले आहेत. दूरदर्शनवरच्या मालिकेमुळे चिमणराव म्हटलं की दिलीप प्रभावळकरांचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. पण ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्या तरुण वाचकांनाही या गोष्टी कुठे अडवत नाहीत.

पुलंच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हलकं वाटणारं पुस्तक वाङ्मयीन दृष्टीने उणं नसतं, याला मराठीत यापेक्षा मोठा दाखला नको. यातलं एक व्यक्तिचित्र एका किंवा दोन सकाळींचं. नारायण, अंतू बर्वा, चितळे मास्तर ही नावं आता मराठी माणसाच्या ओळखीपाळखीची झाली आहेत. तरी पुस्तक पुन्हा उघडावं. ध्वनिफितीवर ऐकताना आपण पुलंच्या फेकीवर हसतो. कागदावर वाचताना त्यांची वाक्यं किती काटकसरीची आहेत ते कळतं. ‘अंतू बर्वा’ हसवत हसवत एकटेपणाच्या कुठल्या कोपऱ्यात नेऊन सोडतो, तेही वाचतानाच नीट जाणवतं.

जयवंत दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ याच रांगेतलं. कोकणातलं एक गाव आणि तिथली इरसाल माणसं. एकेका माणसाची हकिकत सुटी वाचता येते आणि पुस्तक संपेपर्यंत त्यांतून अख्खं गाव उभं राहतं. याच दळवींनी ‘ठणठणपाळ’ या नावाने ‘ललित’ मासिकात साहित्यिकांची वर्षानुवर्षं खिल्ली उडवली. ते सदर वाचायला मजा येते खरी, पण त्या काळातले लेखक, त्यांच्या लकबी आणि भांडणं माहीत असतील तरच. नाहीतर दर परिच्छेदाला ‘हे कोण?’ असं विचारावं लागतं. सदरांची पुस्तकं घेताना ही काळजी घ्यावी. सदराला जागेची मर्यादा असते, म्हणून लेख नेमक्या मापाचे होतात, हा मोठाच फायदा. पण ताज्या घडामोडींवर बेतलेलं सदर लवकर शिळं होतं. शांता शेळक्यांच्या सदरलेखांसारखं एखादी आठवण, एखादी कविता, एखादा शब्द यांवर लिहिलेलं टिकतं.

दुःख सोप्या शब्दांत

आता विषयावरून निवडू नये, या म्हणण्याची खरी परीक्षा. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. १९३४ पासून ती भागाभागाने प्रसिद्ध झाली. आरंभालाच १८५७ च्या धामधुमीत आजोबांना झालेली फाशी आहे. पुढे त्याचा धसका घेतलेल्या वडिलांचं पराकोटीचं सोवळं आहे, बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही इथवर गेलेलं. मग बालपणीच झालेलं लग्न, नवऱ्याचा लहरी स्वभाव, १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी केलेला ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, त्यानंतरची ताटातूट. विषयांच्या यादीवरून हे पुस्तक कुणी सकाळसाठी निवडणार नाही.

प्रत्यक्षात ते सकाळच्या वाचनातलं अव्वल पुस्तक आहे. लक्ष्मीबाईंचं शालेय शिक्षण नव्हतं. त्या लिहितात ते ओसरीवर बसून सांगितल्यासारखं. वाक्यं आखूड, प्रसंग छोटे, आणि स्वतःच्या फजितीवर पहिलं हसू त्यांचंच. वडिलांच्या सोवळ्याने घरातल्यांचे किती हाल झाले असतील याचा अंदाज वाचकाला येतो, पण लेखिका हालांचं भांडवल करत नाही. धुण्या-वाळवण्याचा तो खटाटोप ती समोर मांडते आणि पुढे जाते. वाचकाला आधी हसू येतं, थोड्या वेळाने घशात काहीतरी अडकतं. टिळकांवर ती चिडते, त्यांची थट्टा करते आणि त्यांच्यावरची माया लपवतही नाही. पाच पानं वाचून पुस्तक मिटलं तरी एक प्रसंग पुरा पदरात पडलेला असतो.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ही असाच. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक द्रव्य मिळवायला उत्तरेत निघाले आणि नेमके १८५७ च्या बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. लढाई, लूट, उपासमार, सगळं त्यात आहे. पण सांगणारा माणूस भाबडा, चौकस आणि खाण्यापिण्याची बारीक नोंद ठेवणारा. इतिहासाचं पुस्तक वाचतो आहोत असं क्षणभरही वाटत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) कादंबरी असूनही सकाळी चालते. आकाराने लहान, प्रकरणं आटोपशीर आणि वाक्यात एक शब्द जास्तीचा नाही. औंध संस्थानातला एक तरुण मास्तर मेंढरं राखणाऱ्यांच्या वस्तीत शाळा चालवायला जातो, एवढीच गोष्ट. शेवटी दुष्काळ पडतो आणि वस्ती ओस होते. माडगूळकर चित्रंही काढत, आणि माणसाच्या अंगलटीतल्या दोनच खुणा उचलून अख्खा माणूस उभा करायची त्यांची हातोटी ‘माणदेशी माणसं’पासूनच दिसते. कसलेल्या सुताराने रंधा मारलेल्या फळीवरून हात फिरावा तशी त्यांच्या गद्यावरून नजर फिरते. फळी गुळगुळीत करताना किती भुसा पडला, ते गिऱ्हाइकाला कळत नाही.

लघुनिबंध ते ललित

सकाळच्या वाचनासाठीच जन्माला आला असावा असा मराठीत एक प्रकार आहे, तो म्हणजे लघुनिबंध. ना. सी. फडक्यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ‘रत्नाकर’ मासिकातून ‘गुजगोष्टी’ लिहायला घेतल्या. वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनी तो प्रकार वाढवला. चार-पाच पानं, किरकोळ विषय, गप्पांचा सूर. पुढे त्याचा साचा झाला. विषय जितका क्षुल्लक तितकी हुशारी मोठी, आणि शेवटी एक जीवनविषयक तात्पर्य. लागोपाठ चार लघुनिबंध वाचले, की पाचव्याचं तात्पर्य आधीच सांगता येतं. म्हणून असा संग्रह अखंड वाचू नये. मधून मधून एखादा घ्यावा.

त्यानंतरच्या ललित निबंधाने हा साचा मोडला. इरावती कर्व्यांचा ‘परिपूर्ति’ (१९४९) हा संग्रह जरूर पाहावा. त्यातला शीर्षकलेख जेमतेम काही पानांचा. एका समारंभात लेखिकेची ओळख करून दिली जाते. कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची पत्नी, अशी मोठमोठी नावं घेत. स्वतः मानववंशशास्त्राची नावाजलेली पंडिता, पण ओळख सगळी इतरांवरून. तरी तिला राग येत नाही. या ओळखीत काहीतरी राहिलं, एवढंच वाटत राहतं. पुढे रस्त्यात खेळणारी शाळकरी पोरं तिच्याकडे बघून ‘ही आपल्या वर्गातल्या अमक्याची आई’ असं एकमेकांना सांगतात आणि ओळख पुरी होते.

हा लेख सकाळी हसत वाचून होतो. बाईची ओळख समाज कशी ठरवतो, हा त्यातला प्रश्न मात्र संध्याकाळपर्यंत सोबत राहतो. इरावतीबाईंनी त्यावर भाष्य केलेलं नाही. भाष्य केलं असतं तर लेख दुप्पट लांब झाला असता आणि प्रश्न निम्मा उरला असता. हलक्या आणि कसदार लेखनात लेखक बरंचसं वाचकावर सोपवतो. ते कळावं इतका विश्वास त्याला वाचकावर असतो.

दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (१९५६) चैत्रापासून बारा महिन्यांवर लिहिलेलं. ते त्या त्या महिन्यात वाचण्यात गंमत आहे. आषाढावरचा लेख आषाढातच उघडायचा आणि मान वर करून खिडकीबाहेर तपासून पाहायचा. पण इथे एक सावधगिरी हवी. दुर्गाबाईंचं गद्य दाट आहे, संस्कृत शब्दांनी आणि रंगच्छटांनी भरलेलं. वाक्यावरून निवडायचं म्हटलं तर हे हलकं पुस्तक नव्हे. रोज दोन पानांपलीकडे जाऊ नये. मारुती चितमपल्लींचे लेख याच्या मानाने सोपे. वनखात्यात आयुष्य काढलेला हा माणूस ‘रानवाटा’, ‘पक्षी जाय दिगंतरा’ अशा पुस्तकांत पाखरांबद्दल आणि झाडांबद्दल सांगतो, आणि त्याच्या पानांत माहिती व अनुभव यांची शिवण दिसत नाही. सकाळी बाहेर पक्षी ओरडत असतातच, तेव्हा पुस्तक आणि परिसर एकमेकांना पुरवणी जोडतात.

चांगली, पण सकाळची नव्हेत

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचं वाक्य हलकं होतं, म्हणून तर पिढ्यान्‌पिढ्या मुलं वाचायला शिकली. पण रहस्यकथा खाली ठेवता येत नाही, निदान येऊ नये, असाच तिचा बेत असतो. ती रात्रीची किंवा प्रवासाची. सकाळी घेतली तर दूध उतू जाणार.

दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) वेगळ्या कारणाने. भाषा बोलती आहे, अवघड नाही. पण ते पुस्तक आपल्याकडून सलग बैठक मागतं. दहा-दहा पानांचे तुकडे करून, मधेच कुकरची शिट्टी मोजत ते वाचणं म्हणजे त्यातल्या जगण्याशी हयगय करणं. अनिल अवचटांची पुस्तकंही अशीच वाटून घ्यावीत. विडी कामगारांपासून हमालांपर्यंतच्या जगण्यावरचे त्यांचे रिपोर्ताज सवडीने वाचायचे, ‘छंदांविषयी’ सकाळी. लेखक एकच, वाक्यही तितकंच साधं, पण एक पुस्तक जाब विचारतं आणि दुसरं बासरी, ओरिगामी आणि लाकूडकामाकडे घेऊन जातं.

सुविचारांची पुस्तकं मी या यादीत घेत नाही. त्यांतलं वाक्य आखूड असतं हे कबूल. पण सुटं वाक्य आणि लिहिलेलं पान यांत फरक आहे. पानात एक वाक्य दुसऱ्याचा हात धरून पुढे जातं. ती चाल अंगवळणी पडणं, हाच तर सकाळच्या वाचनाचा फायदा.

दुकानात उभ्याने करायची परीक्षा

पुस्तक निवडताना पहिलं पान वाचू नये. त्यावर लेखकाने आणि संपादकाने सगळ्यात जास्त मेहनत घेतलेली असते. मधलं कुठलंही पान उघडून एक परिच्छेद ओठांतल्या ओठांत वाचावा. क्रियापदाआधीच श्वास संपत असेल तर पुस्तक परत फळीवर ठेवावं. मग अनुक्रमणिका पाहावी. पाच ते दहा पानांचे लेख सकाळच्या मापाचे, चाळीस पानांचं प्रकरण नाही. तिसरी परीक्षा अशी, की कुठूनही सुरू केलं तर दोन मिनिटांत आपण त्यात शिरतो का. शिरत असलो, तर काल कुठे थांबलो होतो हे विसरलं तरी बिघडत नाही.

वस्तू म्हणूनही पुस्तक बघावं. एका हातात कप असतो, म्हणून दीडशे-दोनशे पानांचं, डेमी आकाराचं बरं. शिवून बांधलेलं पुस्तक टेबलावर उताणं राहतं. नुसत्या गोंदाने चिकटवलेलं पुन्हा पुन्हा मिटतं आणि जबरदस्तीने उघडलं तर पानं सुटतात. देवनागरीला वर वेलांट्या, रफार आणि खाली उकार सांभाळायचे असतात. त्यामुळे ओळींमधलं अंतर कमी केलं की पान गिचमिड दिसतं. चाळिशी लागलेल्यांनी तर पानं वाचवायला अक्षर बारीक केलेली स्वस्त आवृत्ती टाळावीच.

वर सांगितलेल्यांपैकी काही पुस्तकं दुकानात हमखास मिळतील, काही मिळणार नाहीत. अशा वेळी ग्रंथालय गाठावं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांतही जुने ललित संग्रह धूळ खात पडलेले असतात, कारण मागणी नव्या कादंबऱ्यांना असते. दिवाळी अंकांनाही विसरू नये. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये ही प्रथा सुरू केली. एका चांगल्या अंकातले लेख, कथा आणि व्यक्तिचित्रं तुळशीच्या लग्नानंतरही महिनाभर सकाळी पुरतात.

रोज आठ पानं धरली, तर दोनशे पानांचं पुस्तक पंचवीस सकाळींत संपतं. सुट्ट्या, पाहुणे, आजारपण वजा जाता वर्षाला डझनभर पुस्तकं होतात. आकडा छोटा आहे, म्हणूनच निवडीला महत्त्व. त्या डझनातली तीन-चार आधी वाचलेलीच घ्यावीत. पोथीचा तिसरा नियम इथे कामाला येतो, कारण दुसऱ्या वाचनात पुढे काय होणार याची घाई नसते आणि लक्ष वाक्याकडे जातं. वाचनाची सवय अजिबात नसलेल्याने चिमणरावापासून सुरुवात करावी. सवय होती पण फोनने मोडली, त्याने ‘परिपूर्ति’ घ्यावं, कारण पहिल्याच सकाळी एक लेख पुरा झाल्याचं समाधान मिळतं. आणि आपण सगळं वाचून बसलो आहोत असं ज्याला वाटतं, त्याने ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढावीत. फार न शिकलेल्या बाईने इतकं नेमकं मराठी कसं लिहिलं, या एका प्रश्नाला महिनाभराच्या सकाळी अपुऱ्या पडतील.